उपटायच्या राहिलेल्या वेली

द्राक्षाची एखादी जात वाइन पिणाऱ्यांच्या तोंडी बसली, की तिच्यामागे एक सुबक गोष्ट आपोआप तयार होते. माल्बेकच्या मागेही आहे. १७ एप्रिल १८५३ रोजी अर्जेंटिनातल्या मेंडोसा प्रांताच्या विधिमंडळापुढे शेतीशाळा आणि रोपवाटिका काढण्याचा प्रस्ताव आला. त्यामागे दोमिंगो सार्मिएन्तो होते, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. मिशेल पुजे नावाच्या फ्रेंच कृषितज्ज्ञाला बोलावलं गेलं. त्यांनी फ्रेंच द्राक्षांच्या काड्या आणल्या, त्यांत माल्बेक होती, ती मेंडोसाच्या मातीत रुजली आणि बघता बघता जगभर गेली. २०११ पासून दर वर्षी १७ एप्रिलला ‘जागतिक माल्बेक दिन’ साजरा होतो तो याच्यावरूनच.

गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. ‘बघता बघता’ म्हणताना मधली दीडशे वर्षं गिळली जातात. त्यातली बरीचशी वर्षं माल्बेकला बाहेर कुणी विचारत नव्हतं, आणि शेवटची काही वर्षं तर तिच्या बागा मुळासकट उपटल्या जात होत्या. मला माल्बेक आवडते, हे आधीच सांगून टाकते; पुढे कुठे तिची बाजू जरा जास्त घेतली गेली तर वाचणाऱ्याला हिशेब लागेल. पण आवडते म्हणून तिच्याबद्दल वाचत, विचारत गेले, तसतशी माझी एक समजूत ढासळत गेली. जात गुणांमुळे नावारूपाला येते, असं मी धरून चालले होते. गुण लागतातच. पण गुण तर तिच्यात आधीही होते, आणि तरी तिला पदोपदी डावललं गेलं.

तिचं माहेर नैर्ऋत्य फ्रान्समध्ये. लोत नदी एका ठिकाणी मोठा वळसा घेते, त्या वळशात काओर हे गाव आहे. तिथली वाइन इतकी गडद, की मध्ययुगात इंग्लंडचे व्यापारी तिला काळी वाइन म्हणत. मालाला मागणी होती, अडचण वाटेची होती. काओरची पिंपं नदीतून खाली बोर्दोच्या बंदरात यायची आणि तिथे अडायची. बोर्दोकरांनी इंग्रज राजांकडून सवलती मिळवून ठेवल्या होत्या: आमची स्वतःची वाइन विकली गेल्याशिवाय वरच्या प्रदेशातली वाइन बाजारात येणार नाही. तोवर हंगाम सरायचा, समुद्र खवळायचा, भाव पडायचा. हा जाच १७७६ मध्ये फ्रान्सचे अर्थमंत्री तुर्गो यांनी फर्मान काढून मोडला, तोवर शतकं उलटली होती. वाइनच्या इतिहासात चवीपेक्षा जकातनाक्यांनी जास्त निकाल लावलेत, असं माझं मत होत चाललं आहे. ते थोडं अतिशयोक्त असेल, पण फार नाही.

बोर्दोमध्येही माल्बेक भरपूर लावली जायची. तिथे ती रंग भरायच्या कामाची: कॅबर्ने या दुसऱ्या द्राक्षजातीच्या मिश्रणात थोडी घातली की वाइन गडद दिसायची. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने ही जात म्हणजे डोक्याला ताप. फुलोऱ्याच्या वेळी हवा गार आणि ओली राहिली की ती फुलं गाळते. मणीच धरत नाहीत. घड बघावा तर वर दोन-चार मणी, खाली दोन-चार, मधे नुसते हिरवे देठ. शेजारी बाजरीएवढे न वाढलेले कण. शिवाय तिच्यावर केवडा हा बुरशीजन्य रोग येतो, दमट वर्षी घड कुजतात, कडाक्याची थंडी तिला सोसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा झोपवल्या, त्यानंतर नव्याने लावताना अनेकांनी तिला टाळलं. उरलंसुरलं १९५६ च्या फेब्रुवारीत गेलं. त्या महिन्यात अशी थंडी पडली की काओर आणि बोर्दोच्या वेली उभ्याच्या उभ्या मेल्या. बोर्दोने पुन्हा लागवड केली ती मुख्यतः मर्लो या दुसऱ्या जातीची.

मर्लो आणि माल्बेक एका आईच्या लेकी आहेत, ही गंमत तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. २००९ मध्ये जनुकीय तपासणीतून ते कळलं. आईचं नाव मॅग्देलेन न्वार दे शारांत. हे नावसुद्धा संशोधकांनीच दिलेलं, कारण ती कुठल्या यादीत नव्हती. तिची एक वेल ब्रिटनीत एका पडीक उतारावर सापडली, आणि पुढे शारांत भागातल्या खेड्यांत, घराच्या दारावर चढवलेल्या आणखी काही. तिच्यापासून वाइन कुणी करत नव्हतं; संत मॅग्डालेनच्या दिवसाच्या, म्हणजे २२ जुलैच्या सुमारास पिकणारी खायची द्राक्षं, एवढीच तिची गावाला ओळख. या वेलीचा कॅबर्ने फ्रांकशी संकर होऊन मर्लो झाली, आणि प्रुनलार नावाच्या दुसऱ्या एका जातीशी होऊन माल्बेक. संकर कुणी मुद्दाम केला नाही, वाऱ्याने केला. अर्धी बहीण अर्ध्या बहिणीच्या जागी लावली गेली. मर्लो लवकर पिकते, भरघोस देते; शेतकऱ्याचं काय चुकलं? मीही तेच केलं असतं.

आता मेंडोसा. पॅसिफिककडून येणारे ढग अँडीज पर्वत अडवतो आणि सगळा पाऊस पलीकडे चिलीत टाकून मोकळा होतो. इकडे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर. म्हणजे ज्या ओलीमुळे माल्बेकचं फ्रान्समध्ये वाटोळं झालं, ती ओल इथे नाहीच. फुलोरा कोरड्या हवेत होतो, मणी नीट धरतात, केवडा आणि घडकूज यांचा त्रास नावापुरता. फायलोक्सेरा इथेही आहे, पण तिने फारसं नुकसान केलेलं नाही. रेताड जमीन आणि बागेत पाणी तुंबवून ठेवायची पद्धत, ही त्याची कारणं दिली जातात. त्यामुळे इथल्या कित्येक जुन्या वेली कलम न करता स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, जे फ्रान्समध्ये आता क्वचितच दिसतं. मेंडोसाचे द्राक्षतज्ज्ञ असंही म्हणतात की इथला माल्बेकचा घड फ्रान्समधल्यापेक्षा लहान आणि मणी बारीक, कारण या काड्या फायलोक्सेराच्या आधी निघून आल्या. मागे राहिलेला तो जुना वाण तिथे टिकला नाही.

पाऊस नाही म्हटल्यावर प्रश्न पाण्याचा. ते अँडीजवरचं बर्फ वितळून येतं आणि पाटांनी फिरतं. पाटांची मूळ जाळी स्पॅनिश लोक येण्याआधीच्या वार्पे या मूळ रहिवाशांची, पुढे सगळ्यांनी वाढवत नेलेली. मेंडोसा शहरात फिरताना रस्ता आणि पदपथ यांच्यामध्ये दगडी उघडे पाट दिसतात. नवख्या माणसाचा पाय त्यात हमखास जातो. शहरातली सगळी मोठी झाडं त्या पाटांवर जगतात. १८६१ च्या भूकंपात जुनं शहर जमीनदोस्त झालं, नवं बांधताना रस्ते ऐसपैस ठेवले आणि दुतर्फा झाडं लावली, म्हणून आज वाळवंटात सावली आहे. पाण्याचा कायदा १८८४ चा: पाण्याचा हक्क माणसाला नाही, जमिनीला. जमीन विकली की हक्क तिच्याबरोबर जातो.

लुहान दे कुयो भागातल्या एका जुन्या बागेत पाणी सोडताना मी पाहिलं. बागेचे मालक वयस्कर, पायात रबरी बूट, हातात फावडं. त्यांची पाळी दुपारी उशिरा होती. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग दाराची लोखंडी फळी उचलली. पाणी स्वच्छ नव्हतं. डोंगरातली बारीक माती घेऊन आलेलं, दुधाळ करडं. पहिल्या ओळीत शिरताना त्याच्या तोंडाशी वाळलेली पानं आणि कचरा यांची एक गुंडाळी पुढे पुढे सरकत होती. मातीच्या भेगांत ते आधी गडप व्हायचं, मग भेग भरली की पुढे निघायचं. ते काका ओळीच्या शेवटापर्यंत चालत जायचे, फावड्याने माती ओढून एक दार बांधायचे, दुसरं मोडायचे. बोलणं त्या येरझारांमध्ये जमेल तसं. वेलींची खोडं मांडीएवढी जाड, पिळवटलेली, साल सुटलेली. त्यांच्या आजोबांनी लावलेली बाग.

मी विचारलं, सगळे उपटत होते तेव्हा तुम्ही का नाही उपटली? सोबतच्या मुलीने त्यांचं उत्तर भाषांतर करून सांगितलं: उपटायला ट्रॅक्टर भाड्याने आणावा लागला असता, आणि तेव्हा तेवढे पैसे नव्हते. मी काहीतरी भावनिक ऐकायला मिळेल अशा आशेने विचारलं होतं. ते पुढच्या ओळीकडे गेलेसुद्धा.

ते उपटणं काय होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १८८५ मध्ये ब्वेनोस आयरेसहून मेंडोसापर्यंत रेल्वे आली. इटली आणि स्पेनमधून लोकांचे लोंढे येत होते, आणि त्यांना जेवणासोबत वाइन लागायची. मेंडोसाने ती पुरवली. चांगली-वाईट हा मुद्दाच नव्हता. मोठ्या काचेच्या बरण्यांतून विकली जाणारी, सोड्यात मिसळून प्यायची रोजची वाइन. माल्बेक त्यात होती, पण लेबलवर तिचं नाव नसे. १९७० च्या सुमारास अर्जेंटिनातला माणूस वर्षाला सरासरी ९० लिटरच्या घरात वाइन पीत होता. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली. पोराबाळांसकट सरासरी!

मग ओहोटी लागली. शीतपेयं आली, बिअर आली, महागाईने सगळ्यांचं कंबरडं मोडलं. पिण्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं आणि ऐंशीच्या दशकात बागा निघायला लागल्या. त्यात माल्बेकचा बळी सगळ्यात आधी, कारण ती उत्पादनाला कमी. भाव किलोवर मिळत असेल तर एकरी कमी देणारी वेल कोण ठेवील? तिच्या जागी मांडवावर चढणाऱ्या, घडांनी लगडणाऱ्या भरताडाच्या जाती आल्या, नाहीतर घरांचे प्लॉट पडले. साठच्या दशकात अर्जेंटिनात माल्बेक पन्नास हजार हेक्टरच्या वर होती. नव्वदच्या सुमारास ती दहा हजारांच्या आसपास उरली. पाचातले चार हिस्से गेले. आणि ही अशी वेळ, की पुढच्या पंधरा वर्षांत त्या वेलींना सोन्याचा भाव येणार होता.

ज्यांनी तो भाव आणला, त्यांचाही आधी तिच्यावर भरवसा नव्हता. निकोलास कातेना हे मेंडोसातल्या वाइन घराण्यातले, शिक्षणाने अर्थतज्ज्ञ. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते बर्कलीला शिकवायला गेले आणि शेजारची नापा व्हॅली पाहून आले. कॅलिफोर्निया फ्रान्सच्या तोडीची वाइन करते तर आपण का नाही, हे त्यांच्या डोक्यात बसलं. पण परत येऊन त्यांनी हात घातला तो कॅबर्ने आणि शार्दोने या जातींना, कारण जग त्यांनाच ओळखत होतं. माल्बेक थोर आहे असं त्यांचे वडील दोमिंगो म्हणत आले होते. मुलाला ते पटायला बरीच वर्षं लागली. बाहेरच्या बाजारासाठी त्यांची पहिली माल्बेक १९९४ च्या हंगामाची, तीही जुन्या बागेतल्या वेलींची. १९९२ मध्ये त्यांनी ग्वालतायारी इथे समुद्रसपाटीपासून सुमारे १४५० मीटरवर बाग लावली. इतक्या थंडीत द्राक्ष पिकणार नाही, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. ती पिकली. दर हजार मीटरला सहा-सात अंशांनी हवा थंड होते, ऊन मात्र अधिक प्रखर. अतिनील किरणांपासून बचाव म्हणून मण्याची साल जाड होते, तिच्यात रंगद्रव्य वाढतं. रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. गडद रंग, पिकलेलं फळ आणि तरी जिभेवर ताजेपणा, हे तिघं एकत्र सहसा नांदत नाहीत. इथे नांदले.

तरीही मला वाटतं, निर्णायक गोष्ट बागेत घडलीच नाही. १९९१ पासून अर्जेंटिनाने पेसो डॉलरला बांधला होता: एक पेसो म्हणजे एक डॉलर. त्या दहा वर्षांत बाहेरची यंत्रं, स्टीलच्या टाक्या, फ्रेंच ओकच्या लाकडाची पिंपं आणणं परवडलं. परदेशी सल्लागार आणि भांडवल आलं. वायनरी सजल्या, पण माल बाहेर महाग पडायचा. मग अर्थव्यवस्था कोसळली. बँकांतले पैसे गोठले, लोक भांडी वाजवत रस्त्यावर उतरले, आणि जानेवारी २००२ मध्ये पेसो सुटला. काही महिन्यांत डॉलरला तीनच्या वर पेसो द्यावे लागत होते. देशातल्या लोकांची आयुष्यभराची बचत वितळली. पण तयार वायनरींमधली चांगली वाइन परदेशात एकदम स्वस्त झाली. अमेरिकेतल्या दुकानांत माल्बेकची रांग लागली ती त्यानंतर. तिच्या यशाचे लेख वाचताना हे सगळं बऱ्याचदा एका ओळीत उरकलेलं असतं, आणि मला ते खटकतं. एका देशाचं दिवाळं ही तिच्या लोकप्रियतेची पायरी आहे.

पायरी चढल्यावर टिकली मात्र ती स्वतःच्या अंगच्या स्वभावाने, हे मान्य करायलाच हवं. ग्लासात ओतली की कडेला जांभळी, जवळजवळ किरमिजी झाक दिसते. वासाला काळा प्लम, कधी व्हायोलेटच्या फुलांचा हलका सुगंध. तोंडात आल्यावर टॅनिन, म्हणजे सालीचा तुरटपणा, असतं, पण हिरड्या आवळत नाही. कोवळी कॅबर्ने पिणाऱ्याची परीक्षा घेते. माल्बेक घेत नाही. ज्याला तळघरात दहा वर्षं बाटली ठेवायची नाही, संध्याकाळीच उघडायची आहे, त्याला ही वाइन सोयीची. लेबलवर एकच सुटसुटीत नाव, तेही बिचकायला लावणारं नाही. बऱ्याच जाणकारांना याच सोपेपणाचा राग आहे. मला त्या रागात थोडा आकस दिसतो. सहज आवडणारी गोष्ट हलकी, हा तर्क मला कधी पटलेला नाही.

पण दुसरी तक्रार खरी आहे. मागणी वाढली तशी एक साचेबंद माल्बेक निघाली: अतिपिकलेली, जॅमसारखी गोड वासाची, वर व्हॅनिलासारख्या ओकचा थर. कुठल्याही बाटलीचं बूच काढा, तीच. आता तिथल्याच तरुण वाइनकारांनी याविरुद्ध आघाडी उघडली आहे. तोडणी लवकर, ओक कमी किंवा नाहीच, पिंपांऐवजी सिमेंटच्या टाक्या, आणि लेबलवर गावाचं नाव: ग्वालतायारी, आल्तामीरा, लास कोम्पुएर्तास. एकाच वर्षाच्या दोन गावांच्या माल्बेक शेजारी ठेवून प्यायल्या तर फरक कळायला तज्ज्ञ असावं लागत नाही. उत्तरेकडे साल्ता प्रांतात तर ३,१११ मीटरवर बाग आहे.

परदेशी वेलीला आपलं करणारा अर्जेंटिना एकटा नाही. उरुग्वेने १८७० च्या सुमारास आलेली तन्ना ही फ्रेंच जात उचलली. पर्वतापलीकडे चिलीत तर कमालच: ते ज्या वेलींना मर्लो समजत होते, त्यांतल्या पुष्कळशा बोर्दोतून जवळपास नाहीशा झालेल्या कार्मनेर या जातीच्या निघाल्या. १९९४ मध्ये फ्रेंच वेलतज्ज्ञ जाँ-मिशेल बूर्सिको यांनी बागेत उभं राहून ते ओळखलं. नावाची खातरी नसताना शंभरेक वर्षं जगवलेली वेल!

इकडे काओरला जाग आली. १९७१ मध्ये त्यांना स्वतःचा अधिकृत दर्जा मिळाला होता; वाइनमध्ये किमान ७० टक्के माल्बेक हवीच, असा नियम. पण फ्रेंच रीतीप्रमाणे बाटलीवर गावाचं नाव असायचं, द्राक्षाचं नाही. अर्जेंटिनाने माल्बेकचा डंका पिटल्यावर काओरचे उत्पादक आपल्या लेबलवर ठळक अक्षरांत माल्बेक छापू लागले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथे ते परक्याच्या जाहिरातीवर विकायला लागलं. काओरची माल्बेक अजूनही करड्या स्वभावाची आहे, थोडी मातकट, टॅनिनने भरलेली, जेवणाशिवाय न जमणारी. मला ती हल्ली जास्त आवडायला लागली आहे, हे मेंडोसातल्या लोकांना सांगायची माझी हिंमत होणार नाही.

आज अर्जेंटिनात माल्बेक पुन्हा पंचेचाळीस हजार हेक्टरच्या वर गेली आहे, जगातल्या एकूण माल्बेकचा सिंहाचा वाटा तिथे. पण देशातली एकूण द्राक्षलागवड घटतेच आहे. माणशी वाइन आता वर्षाला २० लिटरच्याही खाली आली, अँडीजवरचं बर्फ कमी पडतं, पाळीचे तास तुटपुंजे होतात, आणि बागा निघतात. या वेळी पाळी आहे क्रिओयाची. क्रिओया चिका ही जात सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आली, म्हणजे माल्बेकच्या तीनशे वर्षं आधी. तिची नातलग मंडळी भरताडाच्या वाइनसाठी मैलोन्मैल लावली गेली आणि आता त्यांना गिऱ्हाईक नाही. काही तरुण वाइनकार शिल्लक राहिलेल्या म्हाताऱ्या क्रिओया वेली शोधत फिरतात आणि त्यांची थोडी थोडी वाइन काढतात. मी ती चाखली आहे. फिकट, पातळ, जरा रानवट. मला ती फारशी भावली नाही. पण १९८५ साली मेंडोसात कुणाला माल्बेकबद्दल विचारलं असतं, तर त्यानेही फार वेगळं काही सांगितलं नसतं.